दोडका आणि दुधी फुलांनी भरले, पण कळी पिवळी पडून गळते

अंगणवेल (सातारा)

सर्वांना नमस्कार. साताऱ्यात आमच्या घराच्या मागे एका गुंठ्याहून थोडी कमी मोकळी जागा आहे. जमीन काळी आणि पाणी धरून ठेवणारी असल्यामुळे यंदा मृग लागल्यावर मातीचे उंच वरंबे केले आणि त्यांवर दोडका, दुधी व कारले लावून बांबू आणि नायलॉनच्या जाळीचा मांडव घातला. शेणखत भरपूर दिले होते. वेल पानांवर आल्यावर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून थोडा युरियाही दिला. आता मांडव हिरवागार झाला आहे, फुलेही पुष्कळ येतात, परंतु दोडक्याची आणि दुधीची करंगळीएवढी कळी (फुलामागचे कोवळे फळ) तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळी पडते आणि गळून जाते. कारल्याला फळे धरतात, मात्र अर्धी फळे एका बाजूला वाकडी होतात आणि चिरल्यावर आत अळ्या निघतात. सकाळी मधमाश्या येताना दिसतात, त्यामुळे परागीभवनाची अडचण असेल असे वाटत नाही. खत कमी पडते आहे, की काही रोग आहे? घरच्या खाण्यासाठीच लावले असल्यामुळे विषारी फवारणी करायची नाही.

कोकणपरस (चिपळूण)

ताई, आपण दिलेल्या वर्णनावरून दोन वेगळ्या अडचणी दिसतात आणि त्या वेगळ्या ठेवूनच पाहाव्या लागतील. कारल्याकडे नंतर येतो.

सकाळी मधमाश्या येतात असे आपण लिहिले आहे, परंतु दोडक्याचे फूल सकाळी उमलतच नाही. ते उमलते संध्याकाळी, साधारण पाचच्या पुढे. दुधीचे पांढरे फूलही दिवस कलल्यावर उमलते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोमेजते. त्या वेळी मधमाश्या पोळ्यात परतलेल्या असतात. या फुलांवर येतात ते मुख्यतः पतंग, आणि घरांच्या व दिव्यांच्या दाटीत, त्यातही संततधार पावसात, ते पुरेसे येत नाहीत. याउलट कारले, काकडी आणि भोपळा यांची फुले पहाटे-सकाळी उमलतात, म्हणून आपल्या मधमाश्या कारल्याचे काम चोख करत आहेत आणि शेजारच्या दोडक्याला त्यांचा काहीच उपयोग होत नाही. घोसाळे हे दोडक्याचे अगदी जवळचे भावंड असूनही सकाळी फुलते. एकाच मांडवावर चार वेल असतील, तर प्रत्येकाची वेळ निराळी असते हे लक्षात घेतल्याशिवाय खताचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय सोपा आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास मांडवाखाली जावे. ज्या फुलाच्या मागे बारीक दोडका किंवा लव असलेली इवलीशी दुधी दिसते ते मादी फूल, आणि नुसत्या देठावर असते ते नर फूल. त्याच संध्याकाळी उमललेले नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधले पिवळे केसर मादी फुलाच्या मधल्या गुंड्यांवर हलक्या हाताने फिरवावे. बोटाला पिवळी पूड लागत असेल तर पराग चांगला आहे असे समजावे. पावसाने भिजलेले, चिकट झालेले नर फूल घेऊ नये. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुले सहज होतात. पावसाची चिन्हे असतील तर मादी फुलावर कागदाची छोटी पुडी टोपीसारखी ठेवून सकाळी काढावी. कळी धरली असेल तर पुढच्या दोन-तीन दिवसांत देठ जाड होतो आणि कळी खाली झुकते. गळणारी कळी तशीच बारीक राहून टोकाकडून पिवळी होते, म्हणजे आपल्याकडे सध्या जे घडते आहे तेच.

मांडवाखाली (मिरज)

आमच्या घरी अनेक वर्षे बाजारासाठी कारली आणि दोडकी केली जात होती, म्हणून खत आणि माशी या दोन मुद्द्यांवर लिहितो. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त युरियाचा भाग त्यात सुटला आहे.

शेणखत भरपूर असताना वरून युरिया दिला, की वेल पाल्यावर जातो. नर फुलांचा सडा पडतो आणि मादी फुले उशिरा व कमी येतात. तेव्हा यापुढे नत्र (युरियातले नायट्रोजन) पूर्ण बंद करावे. बरेच जण अशा वेळी चुलीतली राख आळ्यात टाकायला सांगतात. कोकणातल्या आंबट तांबड्या जमिनीत ती चालते, परंतु आपल्याकडची काळी जमीन आधीच विम्लधर्मी (आंबटाच्या उलट गुणाची) असते, तिच्यात राखेचे ढीग घालू नयेत. वरंब्याभोवती पाणी साचू न देणे हेच सध्या सर्वांत मोठे खत आहे. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस नुसतीच नर फुले येतात, तो मात्र वेलाचा स्वभाव आहे, त्यात दोष नाही.

आता कारली. फळ वाकडे होणे आणि आत अळ्या निघणे, ही फळमाशीची खूण आहे. आमच्याकडे त्याला ‘डंख मारलेले कारले’ म्हणतात. माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, त्या जागी डिंकासारखा थेंब येतो, तेथील वाढ थांबते आणि दुसरी बाजू वाढत राहिल्यामुळे फळ डंखाच्या बाजूला वळते. अळी मोठी झाली की फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि तेथून नवी माशी निघते. म्हणून डंख मारलेले फळ मांडवाखाली किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकणे म्हणजे माशी पाळण्यासारखेच आहे. अशी फळे रोज वेचून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत किंवा दीड-दोन फूट खोल पुरावीत. उघडीप मिळाली की वेलाखालची माती खुरप्याने वरवर हलवावी, म्हणजे कोष उघडे पडतात आणि पक्षी ते टिपतात.

सापळा घ्यायचा असेल तर दुकानात नीट सांगून घ्यावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा बऱ्याच कृषी सेवा केंद्रांत मिळतो, परंतु त्यात घालायचे आमिष दोन प्रकारचे असते. आंबा, पेरू आणि चिकूसाठी मिथिल युजेनॉल लागते, तर वेलभाज्यांच्या माशीसाठी क्यू ल्यूर. मिथिल युजेनॉलचा सापळा कारल्याच्या मांडवात टांगला, तर त्यात माश्या भरलेल्या दिसतील, पण त्या शेजारच्या पेरूवरच्या असतील. शिवाय दोन्ही आमिषांना फक्त नर माश्या येतात, अंडी घालणारी मादी येत नाही. त्यामुळे चार वेलांच्या परसबागेत केवळ सापळ्यावर विसंबू नये. तेथे फळ झाकणेच खात्रीचे.

फोंड्याचा परसू (फोंडा, गोवा)

फळ झाकण्याबद्दल थोडे सांगतो, कारण आमच्याकडच्या पावसात कागदी पिशवी दोन दिवसही टिकत नाही. जुन्या सुती किंवा जाळीदार ओढणीच्या, मनगट जाईल एवढ्या रुंद आणि हातभर लांब नळ्या शिवाव्यात. एक टोक शिवून बंद करावे, दुसरे कळीवर चढवून देठाशी सैलसर बांधावे. पाणी निथळून जाते, फळ वाढताना दिसते आणि काढणीनंतर पिशवी धुऊन पुन्हा वापरता येते. पिशवी परागीभवन झाल्यावर, फूल सुकताच घालायची, कारण माशी अगदी कोवळ्या फळावरच येते. बोटभर वाढल्यावर घातलेली पिशवी बहुधा आतल्या अंड्यांचेच रक्षण करते!

निमतेल फवारणार असाल, तर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, तेही ढगाळ दिवशी. तोवर कारल्याची फुले मिटलेली असतात आणि दोडक्याची उमललेली नसतात.

अंगणवेल (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी साडेसहाला पाहिले, तेव्हा दोडक्याचा मांडव खरोखरच पिवळ्या फुलांनी भरला होता आणि एकही मधमाशी नव्हती. आजपासून हाताने परागीभवन सुरू करते. दोन शंका राहिल्या. दुधीला मादी फुले फारच थोडी आहेत, त्यासाठी व्हिडिओंमध्ये दाखवतात ते ‘थ्री-जी कटिंग’ (शेंडे खुडून फुटवे वाढवणे) करावे का? आणि कुंपणावर एक कडू दुधीचा रानवेल आहे. त्याचा पराग लागून आमची दुधी कडू होईल का?

मांडवाखाली (मिरज)

दुधीला शेंडा खुडण्याचा उपयोग होतो. तिच्या मुख्य वेलावर नर फुले जास्त आणि बगलफुटीवर मादी फुले लवकर येतात, म्हणून वेल मांडवावर पोहोचला की मुख्य शेंडा एकदा खुडावा आणि दोन-तीन जोमदार फुटवे राखावेत. नाव मोठे आहे, काम एवढेच आहे. दोडका मुख्य वेलावरही फळतो, त्याला कात्री लावू नये. पावसाळ्यात जितक्या जखमा कमी, तितके बरे.

कोकणपरस (चिपळूण)

परागामुळे यंदाचे फळ कडू होत नाही, कारण गर आईवेलाचाच असतो. फरक पडतो तो बियांत. त्या फळाचे बी पुढच्या वर्षी लावले तर त्यातून कडू दुधी निघू शकते. तरीही प्रत्येक दुधी चिरल्यावर देठाकडचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर थुंकून संपूर्ण फळ फेकून द्यावे. तो कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत, तेव्हा ‘कारल्यासारखेच आहे’ म्हणून तो कोणालाही देऊ नये.

बी धरायचे असेल तर आधी पाकीट पाहावे. संकरित वाण असेल तर त्याचे बी धरण्यात अर्थ नाही. सरळ वाण असेल तर दुपारीच, उमलण्यापूर्वी, एका मादी कळीच्या आणि दोन नर कळ्यांच्या पाकळ्या दोऱ्याने बांधून ठेवाव्यात, संध्याकाळी सोडून हाताने परागीभवन करावे आणि मादी फूल पुन्हा बांधावे. त्या फळाच्या देठाला रंगीत चिंधी बांधून ठेवावी, नाहीतर घरातले कोणीतरी भाजीसाठी ते काढतेच.