आरवच्या धाकट्या भावाचं नाव नीरव चालेल का?

दोनपोरांचीआई
थोरला आरव, साडेतीन वर्षांचा. त्याच्या वेळी नावांच्या एका यादीत ‘आरव : शांत’ असं वाचलं आणि ठेवून टाकलं. आता धाकट्यासाठी यमक जुळतं म्हणून ‘नीरव’ जवळजवळ पक्कं केलं होतं. काल सासरे म्हणाले, “अगं, आरव म्हणजे आवाज. एकाचं नाव गोंगाट आणि दुसऱ्याचं सामसूम ठेवणार का?” तर आरवचा खरा अर्थ काय? आणि जन्मदाखल्यावर नीरव लिहायचं की निरव? फॉर्म अडकून पडलाय.

अवग्रह
सासरे बरोबर आहेत. ‘रु’ धातू, आवाज करणे. त्यावरून रव, आरव. कलरव, गुंजारव यांतला रव तोच. ‘शांत’ हा अर्थ यादीवाल्यांनी कुठून पैदा केला देव जाणे. संस्कृत राहू द्या, कोंबडा पहाटे काय करतो? आरवतो.

टाचणी
म्हणजे घरात गजर आहेच!

अवग्रह
हसा. रामायणातल्या उत्तरकांडात ‘रावण’ या नावाचीही व्युत्पत्ती याच धातूवरून दिली आहे. कैलासाखाली हात चिरडले तेव्हा तो असा ओरडला की तिन्ही लोक हादरले, म्हणून शंकरानं हे नाव दिलं.

दोनपोरांचीआई
अवग्रह सर, माझ्या पोराचं रावणाशी नातं जोडायला मी धागा काढला नव्हता.

खडूफळा
ताई, मनावर घेऊ नका, ते सगळ्यांनाच असं करतात. मला ‘नीरव’ आयुष्यभर एकाच ठिकाणी भेटला: ‘नीरव शांतता’. निबंधातली प्रत्येक पहाट नीरव शांततेत उजाडायची. नीरव म्हणजेच आवाज नसलेला, मग पुन्हा शांतता कशाला? मी लाल रेघ मारायचो. एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, मग ‘सगळीकडे नीरव पसरली होती’ एवढंच लिहू का?” तेव्हापासून रेघ बंद केली.

मुक्तछंद
नीरव म्हटलं की मला बातम्यांतला हिरेव्यापारी आठवतो. नीरज ठेवा त्यापेक्षा. २०२१ मध्ये टोकियोत भाला ८७.५८ मीटरवर पडला आणि त्या नावाचं सोनं झालं.

अवग्रह
नीरजची फोड दोन प्रकारे होते. नीर + ज, पाण्यात जन्मलेलं, म्हणून कमळ. किंवा निः + रजस्, धूळ नसलेला. या दुसऱ्या फोडीत ताईंच्या वेलांटीचं उत्तर आहे. विसर्गापुढे र आला की विसर्ग जातो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. नीरस, नीरोग, तसंच नीरव. ‘निरव’ ही सरळ चूक.

टाचणी
मग ‘निरोगी’चं काय? सगळं जग पहिली वेलांटी देतं.

अवग्रह
सगळं जग चुकतं. तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहायचा. नीरोगी.

टाचणी
तत्सम कोण म्हणतं? निलाजरा, निनावी यांतला ‘नि’ आपला घरचा आहे. नि + रोगी. इथे विसर्ग आणला कुणी?

खडूफळा
या हिशेबानं ‘निरव’सुद्धा मराठी ठरवता येईल की.

टाचणी
नाही ना. सुटा ‘रव’ कुणाच्या तोंडी आहे? रोग सगळ्यांच्या आहे. जो शब्द तोंडात रुळला त्याला आपला नियम, पाहुण्याला त्याच्या घरचा.

अवग्रह
म्हणजे उद्या कुणी ‘निरस’ लिहिलं तरी तुम्ही माना डोलावणार!

टाचणी
या चर्चेला तेच विशेषण शोभतं, वेलांटी कुठलीही द्या.

जुनीवही
मधेच तोंड घालतो. पतंजलीच्या महाभाष्यात (पाणिनीच्या व्याकरणावरचं भाष्य), पस्पशाह्निक या त्याच्या पहिल्या भागात, याज्ञिकांचं मत म्हणून मुलाच्या नावाचे नियम आलेत. आरंभी घोष वर्ण (म्हणजे ग, द, न यांसारखा, उच्चारताना कंठ थरथरतो तो), मधे य-र-ल-व पैकी एखादा, पहिला स्वर वृद्धीचा (म्हणजे आ, ऐ, औ) नको, आणि अक्षरं दोन किंवा चार. नीरव बघा: ‘न’ हा घोष वर्ण, मधे र, ई वृद्धीत येत नाही. फक्त तीन अक्षरांवर घसरतो. आरव मात्र पहिल्याच आ-ला बाद.

दोनपोरांचीआई
बाद करायला साडेतीन वर्षं उशीर झाला, दादा. तो हाकेला ओ देतो, मला तेवढं पुरे. एवढं खरं की अर्थ कळल्यापासून तो घरभर किंचाळत सुटला की नावाला जागतोय असं वाटतं. आणि त्यानं तर धाकट्याला ‘निऊ’ म्हणायला सुरुवातही केलीय. त्यात तुमचा रव राहिलाच नाही. हे कुठल्या वेलांटीनं लिहायचं?

अवग्रह
पहिल्या. चिऊसारखं.

टाचणी
आणि निरोगी?

अवग्रह
दुसऱ्या.