वॉरंटीत लॅपटॉप द्यायचाय, पण टॅलीचा डेटा आत अडकलाय (सांगली)

यार्डातला_मुनीम

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डात हळदीच्या दोन-तीन अडत दुकानांचे हिशेब टॅली या सॉफ्टवेअरवर लिहितो. लॅपटॉपचा स्क्रीन अचानक काळा पडलाय. पंखा फिरतो, कीबोर्डचा लाईट लागतो, विंडोज सुरू झाल्याचा आवाजही येतो, दिसत मात्र काही नाही. वॉरंटी आहे अजून. हेल्पलाईनवाल्या बाई म्हणतात, बहुतेक मदरबोर्ड बदलावा लागेल, कोल्हापूरच्या सेंटरला आणून द्या, आणि डेटा गेल्यास कंपनी जबाबदार नाही असं लिहून द्या. फॉर्मवर विंडोजचा पासवर्डसुद्धा मागितलाय! ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) भरायचाय, शेठ लोकांना अजून काही बोललो नाही. शेजारचा म्हणतो, मागचं झाकण खोल आणि एसएसडी (आतली डेटाची डिस्क) काढून घे. काढू का? वॉरंटी जाईल का?

मिरजेचा_स्क्रूड्रायव्हर

झाकणाला हात लावू नका अजून. आवाज येतोय म्हणजे मशीन आतून जिवंत आहे. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावा. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, मग खालचा बाण एकदा, मग एंटर. पिन विचारणारा पडदा कधीकधी टीव्हीवर येतच नाही. तसं झालं तर एंटर मारून पडदा न दिसताच तुमचा पिन टाका आणि मग वरची बटणं दाबा.

दिसायला लागलं की टॅलीत आल्ट+वाय दाबून बॅकअप घ्या. शिवाय टॅली बंद करून डेटाचं अख्खं फोल्डर, आतल्या आकडी नावाच्या फोल्डरांसकट, बाहेरच्या डिस्कवर उचला. डेस्कटॉप आणि डाउनलोड विसरू नका, लोकांची अर्धी बिलं तिथंच सांडलेली असतात.

गणपतीपेठ_कट्टा

आणि ती डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. २०१९ च्या पुरात आमच्या पेठेत कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाच्या खणात भिजलेली बघितलीय. आम्ही आता एक कॉपी विश्रामबागेत मेव्हण्याकडे ठेवतो.

यार्डातला_मुनीम

दादा, टीव्हीवर दिसलं! बायकोची मालिका बंद करून कॉपी चालू आहे. आता निवांत देऊ ना मशीन?

मिरजेचा_स्क्रूड्रायव्हर

थांबा जरा. आमच्या काउंटरवर येणाऱ्यांकडे फोटो असतात, फायली असतात, नेमकी रिकव्हरी की (डिस्कचं कुलूप उघडणारा आकडी कोड) नसते. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की पुष्कळ मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते. मालकाला पत्ताच नसतो. मदरबोर्ड बदलला की तुमचीच एसएसडी नव्या बोर्डावर ४८ आकडी की मागते. ती नसेल तर तुम्ही, मी, कंपनी, कुणीच आतलं वाचू शकत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाईटवर तुमच्या डिव्हाइसच्या नावाखाली ती की असते. आत्ताच उतरवून घ्या, वहीत लिहिली तरी चालेल. एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावली असती तरी हीच की मागितली असती, म्हणून शेजाऱ्याचं ऐकू नका म्हटलं. शिवाय काही कंपन्या झाकण उघडू देतात, काही नाही. काढायचीच असेल तर आधी ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या.

दुसरं म्हणजे टॅलीचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. जाण्याआधी एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. नाहीतर बोर्ड बदलून आल्यावर लायसन्ससाठी डोकं धरून बसाल. बॅकअप खरंच उघडतो का तेही दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा. तिथं लायसन्स नसलं तरी एज्युकेशनल मोडमध्ये खाती दिसतात, फक्त नवीन नोंदी १, २ आणि ३१ तारखेच्याच होतात.

विश्रामबाग_सीए_ऑफिस

पासवर्डच्या रकान्यात तुमचा खरा पासवर्ड अजिबात लिहू नका. फारच अडून बसले तर वेगळा साधा युजर काढून द्या, ॲडमिन हक्क न देता. ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टलचे पासवर्ड सेव्ह असतील तर काढून टाका, गुगल अकाउंटमधून बाहेर पडा. पार्ट्यांचे पॅन, बँक खाती, सगळं तुमच्या भरवशावर आहे. आणि शेठना आजच फोन करा. ११ तारखेला कळण्यापेक्षा बरं.

यार्डातला_मुनीम

की सापडली, वहीत उतरवली. शेठ एक ओरडले आणि मग म्हणाले, माझ्या ऑफिसातलं मशीन वापर. उद्या कोल्हापूरला निघतोय. तिथं काय बघू?

मिरजेचा_स्क्रूड्रायव्हर

देण्याआधी चारही बाजूंचे, बिजागऱ्यांचे आणि खालच्या सिरियल नंबरचे फोटो काढा. जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: 'स्क्रीन काळा, टीव्हीवर चित्र येते'. हे लिहिलं तर कदाचित नुसत्या पॅनेलवर किंवा केबलवर भागेल, बोर्ड बदलायची वेळच येणार नाही. चार्जर दिला की नाही तेही लिहून घ्या. नंतर 'आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही' असं काही निघालं तर आतले फोटो मागा आणि पैसे भरण्याआधी लेखी कारण घ्या. तरी टाळाटाळ झाली तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. जॉबशीटचा नंबर हाताशी ठेवून फोन करा, तो आधी विचारतात.