मदत हवी आहे: गिटारची केबल स्वतः जोडली, मीटर बीप करतो, गिटार मुकी

कोथरूडचा_खर्ज (बुधवार, रात्री ११.४२)

शनिवारी सोसायटीची कोजागिरी आहे. गच्चीवर चार गाणी वाजवायची कबूल करून बसलोय आणि केबलने मान टाकली आहे. थोडक्यात लिहितो.

तीन मीटरची केबल. आधी पिनेपाशी वाकली की खरखर यायची, मग एका ठरावीक कोनात धरली तरच आवाज, मग तोही गेला. मूळ पिना रबरात ओतलेल्या होत्या, उघडत नाहीत, म्हणून दोन्ही टोकं कापली. तपकीर गल्लीतून धातूच्या दोन पिना आणल्या. भावाचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न होतं, व्हिडिओ बघून जोडलं. मीटर लावला. टोक ते टोक बीप, बॉडी ते बॉडी बीप, टोक ते बॉडी काही नाही. म्हणजे सगळं बरोबर ना? गिटारला लावली तर शुकशुकाट.

ॲम्प चालू आहे. आवाज वर आहे. हे दोन्ही विचारू नका. "नवी केबल घ्या" हेही सांगू नका, प्रश्न पैशांचा नाही, आता इरेला पडलोय.

सुतळीबॉम्ब (रात्री ११.५०)

नवी केबल घ्या.

फुटका_ट्रायोड (गुरुवार, सकाळी ६.१५)

गिटार कोणती, केबल आतून कशी, पिना कुठल्या, ॲम्प कुठला, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. डॉक्टरला फोन करून "दुखतंय, गोळी सांगा" म्हटल्यासारखं झालं. असो.

माझा पहिला संशय काळ्या थरावर. गिटारच्या बऱ्याच केबलींत मधल्या तारेवर पांढरं किंवा पारदर्शक प्लॅस्टिक असतं आणि त्याच्यावर अगदी पातळ काळी प्लॅस्टिकची नळी. नवशिक्याला वाटतं हेही इन्सुलेशनच. ते नाही. त्यात कार्बन असतो, त्यातून थोडा करंट वाहतो. केबल हलली, आपटली की होणारी खडखड दाबायला तो थर दिलेला असतो. तो मधल्या तारेच्या डाखेपर्यंत (सोल्डरच्या जोडापर्यंत) तसाच ठेवला तर सिग्नल त्यातून हळूहळू बाहेरच्या तारांच्या जाळीत झिरपतो, जी पिनेच्या बॉडीला जोडलेली असते. आवाज बसतो, पुढचा चकाकी असलेला भाग जातो. म्हणून तो थर टोकापासून चांगला पाच-सहा मिलिमीटर मागे सोलायचा. ब्लेड फिरवून नखाने ओढला की मोज्यासारखा निघतो.

आणि हे बीपवर कळत नाही. बीप फक्त थेट जोड असेल तरच वाजतो. मीटर २० मेगाओहमच्या रेंजवर ठेवा, एक काडी टोकाला, एक बॉडीला. आकडा आला की समजा कुठेतरी झिरपतंय. काडी धरताना बोटं धातूला लावू नका, नाहीतर स्वतःचंच मोजाल.

फोटो टाका.

कोथरूडचा_खर्ज (सकाळी ८.३०)

काका, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार, पण माझा आवाज बसलेला नाही, आवाजच नाही. गिटार साधी आहे. ॲम्प छोटा, घरगुती. फोटो संध्याकाळी टाकतो, ऑफिसला निघालोय.

म्युनिकचा_मावळा (सकाळी १०.०५)

पहिलं म्हणजे तुम्ही कुठलं सोल्डर वापरलं? भारतात अजून सर्रास शिशाचं ६०-४० वापरतात. इथे युरोपात २००६ च्या जुलैपासून विक्रीच्या बहुतेक उपकरणांत शिसं चालत नाही. मी घरीसुद्धा बिनशिशाचंच वापरतो. मुलं असतील घरात तर विचार करा.

फुटका_ट्रायोड (सकाळी १०.४०)

मावळे, त्यांच्याकडे २५ वॅटचं आयर्न आहे आणि पिनेची बॉडी म्हणजे पितळेचा ठोकळा, सगळी उष्णता पिऊन टाकतो. ६०-४० साधारण १९० अंशांच्या आत पूर्ण वितळतं, तुमच्या बिनशिशाच्याला २१७ च्या पुढे जावं लागतं. त्या आयर्नने ते करायला गेले तर डाख बसेपर्यंत मधल्या तारेचं प्लॅस्टिक वितळून जाळीला चिकटेल.

धूर दिसतो तो राळेचा, शिशाचा नव्हे. शिसं उकळायला सतराशे अंशांच्या वर जावं लागतं. खिडकी उघडी ठेवा आणि साबणाने हात धुतल्याशिवाय चिवड्याच्या डब्यात हात घालू नका. एवढं पुरतं.

म्युनिकचा_मावळा (सकाळी १०.५२)

पस्तीस वर्षांपूर्वीचं ज्ञान.

फुटका_ट्रायोड (सकाळी १०.५५)

धातूंना वय कळत नाही हो.

आंबेमोहोर (सकाळी ११.२०)

"डाख" हा शब्द किती वर्षांनी वाचला! आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा तो फुटक्या बंबालाही डाख द्यायचा. भाता, लालभडक निखारे, कथलाची कांडी आणि नवसागराचा तो नाकात जाणारा पांढरा धूर. कापसाच्या बोळ्याने एकच हात फिरवला की पातेलं चांदीचं. खर्ज, तुमची डाख धरत नसेल तर नवसागर लावून बघा ना?

फुटका_ट्रायोड (सकाळी ११.३१)

अजिबात नको!! नवसागर भांड्याला ठीक, नंतर ते धुतलं जातं. तारेला लावलात तर महिन्याभरात हिरवी बुरशी चढून तार तुटेल. नळाच्या कामाचं आम्लाचं फ्लक्सही नको. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ असते, तेवढी बस्स.

बाकी त्या वासाची आठवण आम्हालाही आहे.

बिनतारी_संदेश (दुपारी १.१०)

लोक अजून केबली वापरतात? दोन वर्षं वायरलेस वापरतोय. एक गिटारला, एक ॲम्पला, विषय संपला. गच्चीवर तर अजूनच सोयीचं, कुणी अडखळणार नाही.

सुतळीबॉम्ब (दुपारी १.१४)

गेल्या गणपतीत तुमचं वायरलेस आरतीच्या मधोमध चार्जिंग संपून बंद पडलं होतं तेही लिहा.

बिनतारी_संदेश (दुपारी १.१६)

तो वेगळा विषय आहे.

उजवा_कान (दुपारी ३.००)

धागा निघालाच आहे तर: माझ्या हेडफोनची वायर पिनेपाशी तुटली. आत लाल, हिरव्या, तांबूस केसासारख्या तारा आहेत. त्यांना सोल्डर धरतच नाही, थेंब नुसता घरंगळतो. काय करू?

जीएन_माइनर (दुपारी ४.४५)

खर्ज, दोनच प्रश्न. नीट उत्तरं द्या.

एक, हीच केबल दुसऱ्या गिटारला लावून पाहिली का?
दोन, तुमच्या ॲम्पमधून दुसऱ्या कुठल्या केबलने आवाज येतो का?

कोथरूडचा_खर्ज (संध्याकाळी ७.२०)

हो, दोन्ही केलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या अथर्वची गिटार याच केबलने माझ्याच ॲम्पवर वाजते. मस्त वाजते. म्हणून तर डोकं फिरलंय. त्याची केबल माझ्या गिटारला लावली तर माझीही वाजते.

जीएन_माइनर (संध्याकाळी ७.२४)

हे सगळ्यात आधी लिहायचं असतं, भावा.

सुतळीबॉम्ब (संध्याकाळी ७.२५)

म्हणजे गिटार ठीक, केबल ठीक, दोघांचं जमत नाही. पत्रिका दाखवा.

फुटका_ट्रायोड (संध्याकाळी ७.४०)

केबल अथर्वच्या गिटारला चालते म्हणजे डाख कच्ची असणार. त्याचं सॉकेट घट्ट असेल, दाबून धरत असेल. तुमचं सैल असेल. कच्ची डाख ओळखायची खूण: ६०-४० ची चांगली डाख चकचकीत असते आणि कडेला पसरत पातळ होते. कच्ची मळकट, दाणेदार, साबुदाण्यासारखी वर बसलेली. आयर्नवर थेंब घेऊन कामावर टेकवायचा नसतो. आधी पिनेचा कान (आतली पत्री, जिला तार जोडतात) तापवायचा आणि सोल्डर त्या कानाला लावायचं. कान तापला असेल तर ते आपोआप ओढून घेतो.

जीएन_माइनर (संध्याकाळी ७.४८)

काका, एक मिनिट. खर्ज, तुमच्या गिटारमध्ये बॅटरी आहे का?

कोथरूडचा_खर्ज (संध्याकाळी ८.०२)

हो, ९ व्होल्टची. नवीच आहे, आठवड्यापूर्वी घातली. अकूस्टिक आहे ना, बाजूला ते बटणांचं पॅनल असतं तशी. म्हणालो ना, साधी गिटार.

जीएन_माइनर (संध्याकाळी ८.०५)

आणि नव्या पिनेच्या दांडीवर काळे पट्टे किती?

कोथरूडचा_खर्ज (संध्याकाळी ८.११)

दोन. का? आत तीन कान होते. केबलला दोनच तारा, म्हणून मधला कान रिकामा सोडला. दुकानदाराने विचारलं मोनो की स्टिरिओ, मी विचारलं चांगली कुठली, तो म्हणाला स्टिरिओ.

जीएन_माइनर (संध्याकाळी ८.३०)

सापडलं.

अथर्वच्या इलेक्ट्रिक गिटारला बॅटरी नाही. तिच्या सॉकेटमध्ये दोन स्पर्श: एक पिनेच्या टोकाला, एक बॉडीला. मोनो घाला नाहीतर स्टिरिओ, दोन्ही वाजतात.

तुमच्या गिटारमध्ये पिकअपच्या (तारांची कंपनं पकडणाऱ्या भागाच्या) पुढे प्रीॲम्प आहे, म्हणजे तो बारीक सिग्नल वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट, आणि त्याला वेगळा स्विच दिलेला नसतो. केबलच त्याचा स्विच. तुमच्या सॉकेटला तीन स्पर्श आहेत आणि बॅटरीची काळी वायर मधल्या स्पर्शाला जोडलेली असते. मोनो पी-३८ (गिटारच्या या जाड पिनेचं बाजारातलं नाव) आत गेली की तिची लांब, अखंड बॉडी मधल्या स्पर्शाला आणि अर्थच्या स्पर्शाला एकदमच टेकते. बॅटरीचं सर्किट पुरं होतं आणि प्रीॲम्प जागा होतो. म्हणूनच वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा म्हणतात, नाहीतर बॅटरी उगाच उतरत राहते.

स्टिरिओ पी-३८ मध्ये त्याच जागी दोन काळ्या पट्ट्यांमधली वेगळी कडी येते. तुमची कडी कशालाच जोडलेली नाही. त्यामुळे प्रीॲम्प बंदच. मीटरने टोक आणि बॉडी मोजली, ती बरोबरच होती. कडी तुम्ही मोजली नाही.

इलाज सोपा आहे. शेल (पिनेचं बाहेरचं धातूचं टोपण) मागे घ्या, रिकामा मधला कान आणि बॉडीचा कान यांच्यामध्ये सेंटिमीटरभर वायरचा तुकडा डाखून टाका. म्हणजे पिन मोनो झाली. दोन्ही टोकांना करा, मग कुठलंही टोक गिटारला लावलं तरी चालेल. मग टोक आणि मधला कान यांत बीप येत नाही ना तेवढं बघा.

फुटका_ट्रायोड (संध्याकाळी ८.४४)

बरोबर. टोपी काढली. रेडिओत आयुष्य गेलं, गिटारच्या पोटात कधी डोकावलो नाही.

तरी काळा थर बघाच. आणि पिनेच्या शेपटीला चिमटा असतो तो केबलच्या वरच्या जाड कातडीवर दाबा, सोललेल्या भागावर नाही. ओढ कातडीने सोसायची, डाखेने नाही. त्या चिमट्याशिवाय तुमची डाख कितीही चांगली असली तरी दिवाळी बघणार नाही.

म्युनिकचा_मावळा (रात्री ९.१५)

मी विचारणारच होतो मोनो की स्टिरिओ.

सुतळीबॉम्ब (रात्री ९.१६)

😂

रुपेरी_तार (रात्री १०.००)

उशिरा आलो. माझं मत, या वयात स्वस्त केबल जोडत बसण्यापेक्षा एकदाच चांगली, चांदीचा मुलामा दिलेली घ्यावी. आवाज असा उघडतो की पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं.

जीएन_माइनर (रात्री १०.२०)

केबलचा आवाजावर परिणाम होतो तो मुख्यतः तिच्या कपॅसिटन्समुळे (मधली तार आणि जाळी मिळून थोडा विद्युतभार साठवतात त्यामुळे), दर मीटर लांबीला साधारण १०० पिकोफॅरड. बॅटरी नसलेल्या गिटारला दहा मीटर केबल लावली तर वरचे सूर मंदावलेले कानाला कळतात. इथे तीन मीटर आहे आणि मध्ये प्रीॲम्प आहे. चांदीची घ्या नाहीतर सुतळीची, यांना फरक कळणार नाही.

सुतळीबॉम्ब (रात्री १०.२१)

कुणी बोलावलं?

कोथरूडचा_खर्ज (शुक्रवार, रात्री १२.५०)

वाजली!!! जीएन_माइनर, कोजागिरीचं दूध तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवतो. दोन्ही टोकांना जुन्या चार्जरच्या वायरचा तुकडा टाकला. पिन आत ढकलली आणि ॲम्पमधून तो "थप्" असा आवाज आला तेव्हाच कळलं.

काका, तुमचंही ऐकलं. २० मेगाच्या रेंजवर टोक ते बॉडी मोजलं तर ३४० किलोओहम. म्हणजे झिरपत होतंच. दोन्ही शेल मागे घेऊन पाहिलं, एकीकडे काळा थर थेट डाखेत वितळलेला. वाजत होती तर सोडून द्यायला हवं होतं, पण रात्री बाराला उत्साह आला. ते टोक कापलं, काळी नळी सहा मिलिमीटर मागे सोलली, जाळी पिळून आधी थोडं सोल्डर पाजलं, कान तापवले, डाखा दिल्या. आरशासारख्या चमकतायत. आता मीटर काहीच दाखवत नाही. चिमटा कातडीवर दाबला, हिसका मारून बघितला, हलत नाही.

आणि मग टेबलावर त्या पिनेचं शेल दिसलं. केबलमध्ये ओवायचं राहिलं.

फुटका_ट्रायोड (शुक्रवार, सकाळी ६.०५)

ते सगळ्यांचं होतं. माझं अजून होतं. दुसऱ्या टोकाने शेल सरकवता येणार नाही, तिकडे पिन आहे. तेव्हा ही डाख सोडवाच. जाळीला जास्त वेळ तापवू नका, आतलं प्लॅस्टिक एकदा सोसलंय.

उजवा_कान (सकाळी ९.३०)

हेडफोनचं कुणी बघेल का?

फुटका_ट्रायोड (सकाळी ९.४२)

त्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो, तेच त्यांचं इन्सुलेशन. आयर्नवर सोल्डरचा ताजा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात तीन-चार सेकंद बुडवून धरा. लाख जळून तार पांढरी होते, मग धरेल. नाही जळली तर बारीक पॉलिश पेपर. तांबूस तार बहुतेक वेळा अर्थ असते, पण मीटरने खात्री करा. आणि हेडफोनला पिन स्टिरिओच लागते बरं का, इथलं वाचून मोनो आणाल.