ग्रुप : मोठं घर (महालक्ष्म्या), नैवेद्य कितीले?

बाळूभाऊ दर्यापूर : सगळ्यायले नमस्कार. स्पष्टच लिहितो, राग मानू नका. पूजनाच्या दिवशी नैवेद्य १२ वाजता झाला पाहिजे. मागच्या साली पहिली पंगत साडेतीनले बसली. नानाजींची शुगरची गोळी सकाळी ८ ची. ग्लिमेपिराईड पोटात अन् वर अन्न नाही, तं शुगर खाली उतरते. भानगड पुरणपोळीची नाही, उशिराची आहे.

अकोल्याची वहिनी : भाऊजी, तुम्ही चुलीजवळ बसणार असाल तर ११ लाच करू 🙏

मोठी आई : सोवळ्यातला स्वयंपाक हाये बाप्पा, हॉटेल नाही. सोळा भाज्या निवडालेच दोन घंटे लागतात. पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर असते, तुमच्या गोळीवर नाही. देवीच्या आधी कोणी घास घेणार नाही.

सिस्टर वहिनी : मोठ्या आई, देवीच्या आधी जेवा असं कोणीच म्हणत नाही. गोळी जेवणासोबत सरकवायची, एवढंच. ग्लिमेपिराईड पहिल्या मोठ्या जेवणाच्या वेळी घेतात. जेवण २ ला, तर गोळी २ ला. शुगरचीच दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, ती पण जेवणासोबतच. प्रेशरची गोळी मात्र रोजच्या वेळी घोटभर पाण्यासोबत, ती चुकवायची नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन घेणारे (कोण ते माहीत आहे) ताट येणार हे पक्कं झाल्याशिवाय सुई टोचणार नाहीत. आणि आपापल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करा. माझ्या भरवशावर डोस बदलू नका.

बाळूभाऊ दर्यापूर : पुन्हा टाकतो. नैवेद्य १२ वाजता.

पिंकी पुणे : माझं सध्या १६:८ चालू आहे, म्हणजे १६ तास उपाशी. मला उशीर झाला तरी चालेल 😊

पिंटू : १६ तास उपाशी अन् १६ भाज्या. हिशोब जुळला.

वर्ध्याचे जावई : मी सेंद्रिय गूळ आणतो. त्यानं शुगर वाढत नाही. साखर बंद करा, गूळ कितीही चालतो.

सिस्टर वहिनी : जावईबापू, गूळ म्हणजे बहुतेक साखरच. सेंद्रिय असो की साधा, रक्तात गेल्यावर फरक पडत नाही. आणा जरूर, पण "कितीही" हा शब्द मागे घ्या.

वर्ध्याचे जावई : हा मेसेज डिलीट केला आहे

यवतमाळची मावशी : गुळाचं मी सांगते. १ किलो डाळीले १ किलो गूळ, आपल्या जाड पोळ्या ३० होतात. म्हंजे एका पोळीत ३३ ग्रॅम गूळ, तूप वेगळंच. पाऊण किलो गूळ घाला अन् त्याच डाळीत लहान ५० पोळ्या लाटा, तं एकीत १५ ग्रॅमच येते. वेलची-जायफळ जरा चढतं ठेवा, कोणाले समजणार नाही. पण गूळ कमी केला की पुरण कोरडं होते अन् लाटताना पोळी काठाले फाटते. म्हणून कट सारा फेकू नका, दोन पळ्या बाजूले काढा, वाटताना लागला तसा घाला. अन् डाळ बोटानं चिरडल्याशिवाय गूळ टाकू नका. गूळ पडला की डाळ शिजाची थांबते, कण रायतात, मंग पुरणयंत्र फिरवत बसा. उलथणं उभं रायलं की पातेलं उतरवा. कमी गुळाचं पुरण आंबते लवकर, भादव्यात रातभर बाहेर ठेवू नका.

पिंकी पुणे : गुळाऐवजी शुगरफ्री घातलं तर?

यवतमाळची मावशी : पुरण बांधून येत नाही व माय. अन् त्यातली काही पावडर चुलीवर तापली की गोडी उडते. ते चहातच घाल.

नानाजी : मी या ग्रुपमध्ये आहो. मेलो नाही. माझ्या ताटाचा हिशोब मलेच विचारा. दोन पोळ्या खाईन.

सिस्टर वहिनी : नानाजी, दोन खा, पण लहान. जाड पोळीत डाळ, गूळ, कणीक मिळून ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, लहानीत ४०. भात सोडायचा. आधी भाज्या आणि कोशिंबीर, मग पोळी. त्या क्रमानं शुगर एकदम चढत नाही. आंबील ज्वारीची म्हणून तीन वाट्या नाही, तेही पीठच आहे. तूप पळीनं नाही, चहाच्या चमच्यानं. जेवून आडवे होऊ नका, १५ मिनिटं अंगणात चाला. मशीननं तपासायचं तर पहिल्या घासापासून २ तास मोजा, हात धुतल्यापासून नाही. आणि एक दिवस जास्त खाल्लं म्हणून गोळी डबल नाही!

अकोल्याची वहिनी : आणि "माझ्या हातची एक तरी घ्या" म्हणत पोळी ताटात टाकणारे आधी आवरा. नाव घेत नाही.

मोठी आई : घे की नाव. पाहुण्याले आग्रह नाही करायचा तं काय मोजून वाढायचं?

नानाजी : आग्रह चालते.

बाळूभाऊ दर्यापूर : विषय भरकटून रायला. नैवेद्य १२ वाजता. शुगर ७० च्या खाली गेली तं काय करसाल?

सिस्टर वहिनी : घाम, हातापायाला कंप, बोलण्यात गोंधळ दिसला तर ३ छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पोळी किंवा पेढा देऊ नका, तुपामुळे साखर उशिरा लागते. सावरले की लगेच जेवायला बसवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, १०८ लावा. साखरेचा डबा देवघराजवळ ठेवते. आणि मोठ्या आई, तुम्हीही दुपारपर्यंत चुलीपुढे पाण्याशिवाय बसता. प्रेशर तुम्हालाही आहे. पापड, कुरडई, लोणचं, चिंच-मिरचीचं पंचामृत यातलं एकच घ्यायचं, चारही मिठाचे.

मोठी आई : माझं मी पाहीन.

अकोल्याची वहिनी : खरं सांगू का, उशीर स्वयंपाकानं होत नाही. जेवणारी सवाष्ण आधी तीन घरं करून येते. आपण पानं मांडून बसतो. हे पुरुषमंडळींना कोण सांगणार?

मोठी आई : हे बरोबर बोलली. भाज्या आदल्या रात्री निवडून ठेवू, धुणं-चिरणं पहाटे. पहिल्या घाण्याच्या ५ पोळ्या, ५ वडे अन् बाकी थोडं थोडं नैवेद्याचं आधी काढू. उरलेले वडे-भजे पंगत बसल्यावर गरम तळा. सवाष्णीले मी आजच निरोप धाडते. बाळू, तू तिले साडेअकराले गाडीवर घेऊन ये.

बाळूभाऊ दर्यापूर : मोठ्या आई, मले त्या दिवशी जरा काम आहे. मी १ पर्यंत पोचतो.

अकोल्याची वहिनी : 🙏🙏

पिंटू : पुन्हा टाकतो. नैवेद्य १२ वाजता.

यवतमाळची मावशी : डाळ १ किलो धरली. आता एकच सांगा, लहान ५० की जाड ३०?

नानाजी : ३०.