आतड्याच्या कॅन्सरनंतर लिव्हरमध्ये दोन गाठी, दोन्ही एकाच जातीच्या असतील का?

ठाणेकर७: वडील 66 वर्षांचे, जुना हिपॅटायटिस बी. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. आता लिव्हरमध्ये उजवीकडे 4 सेंमी, डावीकडे 2 सेंमी गाठ. रक्तातले कॅन्सरचे मार्कर वाढलेत: सीईए 38, एएफपी 620. डॉक्टर म्हणतात, दोन्ही आतड्यातूनच पसरल्यात. एकीची बायोप्सी करून केमो सुरू करू. टाटाला दुसरं मत घ्यायचंय. काय नेऊ, काय विचारू?

लॅबवाला: सीईए आतड्याच्या कॅन्सरकडे बोट दाखवतो, पण एएफपी मुख्यतः लिव्हरच्या कॅन्सरचा; तो 620 पर्यंत आतड्याच्या कॅन्सरने क्वचितच चढतो. त्यात हिपॅटायटिस बी, म्हणजे एक गाठ लिव्हरचीच असू शकते. एकीच्या बायोप्सीवरून दुसरीची जात कळत नाही. दोन्हींचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत, लिव्हरच्या कुठल्या सेगमेंटचा (भागाचा) ते लिहून. आयएचसीत (पेशी कुठल्या अवयवाच्या हे रंगवून ओळखायची तपासणी) लिव्हरच्या खुणा आर्जिनेज-1, हेपपार-1. आतड्यासाठी सीके20, सीडीएक्स2, सॅटबी2. आतड्याच्या ऑपरेशनचा जुना ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) शेजारी ठेवून बघायला सांगा. त्याच ब्लॉकवर एमएमआर, रास, बीराफ (औषध निवडायला लागणाऱ्या जनुकीय तपासण्या) झालं नसेल तर होऊन जाईल.

परळनाका: थोडं थांबा. सुईच्या वाटेने पेशी सांडू शकतात, म्हणून गाठी काढण्याजोग्या असतील तर आधी लिव्हर सर्जनला विचारा, मग सुई. प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायची तपासणी), पोटातलं पाणीही आधी बघतात.
दुसरं, केमोने हिपॅटायटिस बी उसळतो. डीएनए लोड (रक्तात विषाणू किती ते) तपासा आणि एन्टेकाविर किंवा टेनोफोविर हे विषाणूवरचं औषध केमोच्या आधीच सुरू झालं पाहिजे. हे सर्रास राहून जातं! सिरोसिस असेल तर बेव्हासिझुमॅबआधी (केमोसोबत देतात ते औषध, रक्तस्रावाचा धोका वाढवतं) एंडोस्कोपी. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा फुटल्या तर रक्तस्राव आवरत नाही.
ऑपरेशनचं बोलले तर विचारा, किती लिव्हर उरेल? निरोगी असेल तर साधारण 20 टक्के चालतं, सिरोसिसमध्ये 40 लागतं.

ठाणेकर७: पेट-सीटी झालाय. तो पुरणार नाही?

लॅबवाला: नाही. पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात; लिव्हरचा कमी आक्रमक कॅन्सर ती फारशी घेत नाही, बऱ्याचदा पेटवर दिसतच नाही. ट्रायफेजिक सीटी (कॉन्ट्रास्ट औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेला) किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय हवा. गाठ आर्टेरियल फेजला (पहिल्या टप्प्यात) उजळून नंतर आसपासच्या लिव्हरपेक्षा काळी पडली तर बहुधा लिव्हरची. कडेला फक्त कडं उजळलं तर बहुधा आतड्याची. रिपोर्टसोबत सीडी न्या, ब्लॉक-स्लाइड लॅबमधून सही देऊन ताब्यात घ्या.

परळनाका: सीटीआधी ताजं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करा, कॉन्ट्रास्टमुळे लागतं. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर तिथे सांगा.