प्रिमची एकच चिठ्ठी, मग अन्याय कुठे?

कागदफूल
'हंगर गेम्स' या सुझन कॉलिन्सच्या कादंबरीबद्दल एक शंका. तिथं दरवर्षी सोडत काढून पोरं निवडतात आणि रिंगणात एकमेकांना मारायला सोडतात. गेलच्या नावाच्या 42 चिठ्ठ्या, त्याची मैत्रीण आणि नायिका कॅटनिस हिच्या 20, आणि सोडतीत निघते कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम, जिची फक्त एक. उपाशी घरातली पोरंच जास्त भरडली जातात हे दाखवायचं, तर लेखिकेनं स्वतःच्याच पायावर धोंडा नाही का मारून घेतला? हे नुसतं नशीब झालं.

सातबारा
हिशेब मांडून बघा. 12 व्या वर्षी प्रत्येकाची एक चिठ्ठी, 13 व्या वर्षी दोन, असं करत 18 व्या वर्षी सात. वर टेसेरा: एक जादा चिठ्ठी टाका आणि एका माणसाचं वर्षभराचं धान्य-तेल न्या, तेही जेमतेम. घरातल्या प्रत्येकासाठी घेता येतो. मेख अशी की जुन्या चिठ्ठ्या बाद होत नाहीत, साठत जातात. गेलच्या घरात खाणारी तोंडं पाच. सात वर्षांचे 35, अधिक सक्तीच्या 7. कॅटनिसकडे तिघी, वर्षं पाच: 15 अधिक 5.

त्या 15 पैकी 5 प्रिमच्या शिध्यापायी पडल्यात. कॅटनिसनं तिला टेसेरा घेऊच दिला नाही, म्हणून प्रिमची एकच राहिली. यात नशीब कुठलं?

उंबरठा
शिवाय कोण निघतं याच्याशी कॅपिटॉलला, म्हणजे राज्य करणाऱ्या राजधानीला, फारसं देणंघेणं नाही. जंगलात गेल चिडून बोलतो ते परत वाचा: टेसेरामुळे खाणकामगारांची वस्ती आणि रात्रीच्या जेवणाची ददात नसलेले लोक एकमेकांवर जळत राहतात. तो स्वतःही त्यातून सुटलेला नाही. महापौरांची मुलगी मॅज हिची सोन्याची पिन दिसली की तिच्यावरच घसरतो, बाराव्या वर्षीच माझ्या सहा होत्या म्हणून. नियम काही मॅजनं केलेला नाही.

रानवाट
प्रिमच्या जागी कॅटनिस रिंगणात जाते, तिथंही तेच. प्रायोजक बाहेरून स्पर्धकांना पाठवतात त्या भेटी दिवसागणिक महागतात. पहिल्या दिवशी ज्या पैशात पोटभर जेवण, त्यात बाराव्या दिवशी एक बिस्किट. कॅटनिस तहानेनं कोसळायला आलीय तरी तिचा मार्गदर्शक हेमिच पाणी पाठवत नाही, त्यावरून ती ताडते की पाणी जवळच असणार. तळं सापडल्यावरही लगेच तोंड लावत नाही. आयोडिनचे थेंब टाकून अर्धा तास थांबते. उलट करिअर टोळी (या खेळासाठी आधीपासून तयार केलेली पोरं) सगळं अन्न एकाच ढिगात रचते आणि भोवती सुरुंग पुरते. कॅटनिसच्या बाणानं सफरचंदांची पिशवी फाटते, फळं खाली गडगडतात, ढीग उडतो. पुढे शिकार करून जगायची त्यांना सवयच नाही.

पण गरिबीनं पोरं काटक होतात असा सोयीचा अर्थ काढू नका (तसे लेख भरपूर आहेत). रिंगणातली कॅटनिसची छोटी साथीदार रू, तिला झाडपाला, कंदमुळं सगळं ठाऊक असतं, झाडांवरून सरसर जाते, आणि तरी जाळ्यात अडकून भाल्यानं मरते.

कागदफूल
पाच चिठ्ठ्यांचं पटलं. पण हजारोंमधून पहिल्याच वर्षी नेमकी प्रिम, हा योगायोग मला अजून जडच जातो.