न झाडलेली गोळी

'नोबी' या जपानी युद्धकादंबरीतलं सगळं लेखकावरच गुजरलेलं असणार, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. तिचे लेखक ओओका शोहेई 1944 साली, पस्तिशीत, फिलिपिन्सला पाठवले गेले. तोवर ते फ्रेंच कादंबरीकार स्तांदालचे अनुवादक. ते होते मिंडोरो बेटावर. कादंबरी घडते लेते या दुसऱ्या बेटावर, जिथे ते पोचले युद्धकैदी म्हणून.

मुळाशी आहे तो एकच प्रसंग. जानेवारी 1945. मलेरियाने खंगलेले ओओका गवतात एकटे पडलेत. समोरून एक तरुण अमेरिकी सैनिक येतोय. यांचा हात आपसूक बंदुकीचा सुरक्षा-खटका (सेफ्टी) सोडवतो. तेवढ्यात दुसरीकडे गोळीबार होतो, तो पोरगा तिकडे वळून निघून जातो. 'आपण गोळी का नाही झाडली?' हा प्रश्न ते आठवणींमध्ये पानंच्या पानं उकरत बसतात. दया? भीती? कुठलंच उत्तर त्यांना पुरत नाही.

कादंबरीचा नायक, सैनिक तामुरा मात्र गोळी झाडतो, एका निःशस्त्र स्त्रीवर, आणि मग बंदूक फेकून देतो. पुढे भुकेपोटी मृताचं मांस कापायला त्याचा उजवा हात सरसावतो, तेव्हा डावा हात त्याचं मनगट धरतो. मला तर त्या डाव्या हातात मिंडोरोचं ते गवतच दिसतं.